डावीकडं मोकळं

सहाव्या सामन्यात करवीर मल्ल अकरा गुणांनी हरले आणि मैदानाबाहेर पडणाऱ्या अठरा हजार लोकांचं एका गोष्टीवर एकमत झालं: चूक चौगुले सरांची. कोल्हापुरात अठरा हजार माणसांचं कशावर तरी एकमत होणं ही साधी गोष्ट नव्हे. इथं रश्श्याला तिखट किती हवं यावरून सख्खे भाऊ वेगळे जेवतात. पण प्रशिक्षकाचा दोष म्हटलं की सगळे एका पंगतीला.

रेहाना मुजावरला त्या पंगतीला बसता येत नव्हतं. दोष कुणाचा हे ठरवणं हीच तिची नोकरी होती.

लीगनं प्रत्येक संघावर एक उत्तरदायित्व अधिकारी नेमला होता आणि करवीर मल्लांवर ती होती. वय अडतीस, संख्याशास्त्रात डॉक्टरेट, आणि दुसऱ्याच्या बोलण्यातला आकडा मनातल्या मनात तपासून बघायची खोड. कुणी म्हणालं, "लग्नाला हजार माणूस होतं," की ही ताटांच्या रांगा आठवून "सहाशे चाळीस" म्हणायची. त्यामुळं तिला लग्नांची फार बोलावणी येत नसत.

अमेरिकन फुटबॉल कोल्हापुरात येऊन सहा वर्षं झाली होती. पायानं खेळायचा फुटबॉल इथं पेठापेठांच्या रक्तात, म्हणून या नव्या खेळाला लोकांनी 'हातफुटबॉल' नाव देऊन वेगळा पाट मांडून दिला. अकरा माणसं अंडाकृती चेंडू घेऊन पुढं सरकायला बघतात, समोरची अकरा त्यांना आडवं करतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं नाही तर चेंडू समोरच्यांकडं. पुढच्या फळीला धिप्पाड गडी लागतात, ते तालमींनी पुरवले. आणि मधोमध एक डोकेबाज लागतो, जो चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत ठरवतो की तो कुणाकडं फेकायचा. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मल्लांचा क्वार्टरबॅक होता मुरगूडचा संग्राम इंगवले. वय बावीस.

या सगळ्यांच्या वर होता 'तलाठी'.

त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तलाठी हे पोरांनी ठेवलेलं, कारण गावात कुणाच्या नावावर किती हे तलाठी सांगतो, तसं हारजितीत कुणाच्या नावावर किती हे ते सांगायचं. सामना संपल्यावर तासाभरात त्याचा कागद बाहेर पडे. त्याला पोरं 'सातबारा' म्हणत.

कल्पना सोपी होती. समजा, सकाळचे पोहे बिघडले. दोष भिजवणाऱ्याचा, फोडणीचा, की दुकानदाराचा? सांगता येत नाही, कारण तेच पोहे पुन्हा करता येत नाहीत. तलाठी तेच पोहे पुन्हा करायचा. खेळाडूंच्या जर्सीत आणि हेल्मेटमध्ये बसवलेले सेन्सर सेकंदाला शंभर वेळा प्रत्येकाची जागा, वेग, श्वास, नजरेची दिशा टिपत. त्यावरून तो संगणकात हुबेहूब सामना उभा करायचा आणि त्यातली एकच गोष्ट बदलायचा. प्रशिक्षकानं सांगितलेला डाव काढून, लीगमधल्या सर्वसाधारण प्रशिक्षकानं सांगितला असता तो डाव तिथं घालायचा आणि दहा हजार वेळा खेळून बघायचा. प्रत्यक्षात जे झालं आणि या दहा हजार जर-तरांत सरासरी जे झालं असतं, त्यातला फरक प्रशिक्षकाच्या नावावर. मग प्रशिक्षक तोच ठेवून क्वार्टरबॅक बदलायचा. मग एकेक गडी. उरेल ते नशिबाच्या नावावर. नशिबालाही रकाना होता, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात लठ्ठ असे.

सात सामन्यांनंतर गमावलेल्या गुणांतला प्रशिक्षकाचा वाटा शंभरात चाळीसच्या वर गेला, की त्याच संध्याकाळी प्रशिक्षक घरी. संघमालकाला त्यात बोलायची सोय नव्हती. गंमत म्हणजे हा नियम प्रशिक्षकांनीच मागून घेतला होता. पूर्वी मालकाच्या जावयाला एखादा डाव आवडला नाही म्हणूनही माणसं जात, त्यापेक्षा यंत्र बरं, असं त्यांचं म्हणणं. मागणीपत्रावर पहिली सही दिनकर चौगुले यांची होती.

*

सामन्यानंतर पंधरा मिनिटांत चौगुले सरांना एक कागद भरून द्यावा लागे. बदलपत्रक.

त्याचं कारण असं. प्रशिक्षक डाव सांगतो तो रेडिओवरून, थेट क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये. डाव सुरू व्हायला पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. त्यानंतरही डाव बदलता येतो. एकतर क्वार्टरबॅक समोरची मांडणी बघून स्वतःच्या अकलेनं ओरडून बदलतो, नाहीतर प्रशिक्षक बाकाजवळून हातानं खूण करतो. खुणा दर आठवड्याला नव्या आणि संघापुरत्या गुपित, त्यामुळं सर हुकूम देतायत की कान खाजवतायत हे तलाठ्याला कळत नसे. म्हणून कुठला बदल कुणाचा हे प्रशिक्षकानं लिहून द्यायचं. प्रशिक्षक आपलं पाप पोरांवर ढकलतील ही भीती, म्हणून बदल खेळाडूच्या नावावर टाकला तर खेळाडूची सही सक्तीची. प्रशिक्षकानं स्वतःच्या नावावर घेतला तर कुणाचीच सही नको. आपल्या नसलेल्या चुका कोण कशाला घेईल?

ही नियमावली रेहानानंच लिहिली होती.

"चार बदल," ती कागद बघत म्हणाली. "चारही तुमच्या खुणेनं?"

"माझ्याच." चौगुले सरांनी पेनाचं टोपण लावलं. "वय झालं की हात शिवशिवतो."

"चारही वेळा चेंडू समोरच्यांनी पकडला."

"म्हणून तर लिहून दिलं. पकडला नसता तर सत्कार घेतला असता की."

सत्तावन्न वर्षांचा हा माणूस एकेकाळी महापालिकेच्या शाळेत पीटीचा मास्तर होता. धावलं की दम लागणाऱ्या रेहानाला त्यांनीच खो-खोच्या सामन्यांची वही सांभाळायला बसवलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जे दिसलं ते लिही. वाटलं ते लिहू नको." आणि वही बघून पुढं म्हणाले होते, "अक्षर आहे की मुंग्यांची वरात?" नेमणुकीच्या वेळी हे नातं तिनं लीगला लेखी कळवलं होतं. लीगनं उत्तर दिलं, कोल्हापुरात चौगुल्यांचा विद्यार्थी नसलेला माणूस मिळाला तर कळवा.

तासाभरानं सातबारा आला. चौगुले: अडतीस पूर्णांक सहा.

*

सोमवारी तिनं जुनी बदलपत्रकं काढली. कारण काही नव्हतं, आकडा टोचत होता. गेल्या अख्ख्या हंगामात सरांच्या खुणेनं झालेले बदल दोन. या हंगामात पहिल्या दोन सामन्यांत शून्य. तिसऱ्यात दोन, चौथ्यात दोन, पाचव्यात तीन, सहाव्यात चार. अकरा. माणूस सत्तावन्नाव्या वर्षी, तेही हंगामाच्या मध्यावर, स्वभाव बदलत नाही. फार तर चष्मा बदलतो.

संशय आला तर अधिकाऱ्याला खेळाडूच्या नजरेची नोंद उघडता येत असे. तिनं अकराही वेळची उघडली. रेडिओ बंद झाल्यापासून डाव बदलेपर्यंत संग्रामची नजर कुठं कुठं फिरली याची बारीक लाल रेघ. ती समोरच्या फळीवर फिरत होती, मागच्या गड्यांवर जात होती, परत येत होती. बाकाकडं एकदाही गेली नव्हती.

न बघितलेली खूण पाळता येत नाही. अकराही बदल पोराचेच असणार.

नियम स्पष्ट होता: खोटी नोंद कळल्यापासून चोवीस तासांत कळवायची. खोटी नोंद करणारा प्रशिक्षक कायमचा बाहेर, न कळवणाऱ्या अधिकाऱ्याचा परवाना कायमचा रद्द. हा नियमही तिच्याच अक्षरात होता.

मंगळवारी सकाळी साडेसातला ती चौकातल्या तालमीत गेली.

*

चौगुले सर तालमीचे वस्तादही होते. पोरं-पोरी लाल मातीत घुमत होती आणि सर कट्ट्यावर बसून ग्लासभर दूध गार करत होते. तालमीत फोन चालत नसे. दारातल्या कोनाड्यात सगळ्यांचे फोन चपलांसारखे ओळीनं लावलेले.

"बस," सर म्हणाले. "दूध घेशील?"

"सर, संग्राम बाकाकडं बघतच नव्हता."

सरांनी ग्लास खाली ठेवला. नाकारायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. तिला तेच जास्त लागलं.

"कोणकोणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

"हं." त्यांनी भिंतीकडं मान वळवली. तिथं एक काळा फळा होता, तिच्या लहानपणापासून होता. आठवड्यातल्या कुस्त्यांचा. तालीम जिंकली की जिंकणाऱ्याचं नाव. हरली की हरणाऱ्याचं नाव कधीच नाही, त्या जागी वस्तादाचं. तिच्या अब्बांनी एकदा त्यावरून टिंगल केली होती: "अरे, हा दिनू किती हरतो? रोज याचंच नाव."

"हा फळा माझ्या वस्तादाच्या वस्तादानं सुरू केला," सर म्हणाले. "पोराचं नाव हारीपुढं लागलं की ते पोर पुढच्या कुस्तीत वाचण्यासाठी खेळतं, जिंकण्यासाठी नाही. नाव माझं लागलं की त्याचं अंग मोकळं राहतं."

"हा फळा नाही सर. तलाठी आहे."

"तेच सांगतोय. त्या अकरा चुका संग्रामच्या नावावर लागल्या की त्याची किंमत एका रात्रीत उतरते. पुढच्या हंगामात कोण घेईल? पोरगं नवं आहे, घाईत आहे, दोन महिन्यांत सुधारेल. मी बावीस वर्षाचा नाही."

"त्याला माहीत आहे? तुम्ही घेताय ते?"

"बोललो नाही. पण मूर्ख नाही ते." सरांनी ग्लास तिच्याकडं सरकवला. "शनिवारी सातवा सामना. हरलो तर तुझा तलाठी मला चाळीसच्या वर दाखवणार. मी जातो. पोरगं राहतं. तू काही बघितलं नाहीस. कुणाचं काय बिघडलं?"

माणूस स्वतःचंच नुकसान करून घेत होता, त्यात दुसऱ्याच्या नावावर काही पडत नव्हतं. बेरीज जुळत होती. न जुळणारी बेरीज पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, जुळलेली उलटून बघायची सवय नव्हती.

"शनिवारपर्यंत," ती म्हणाली.

"अगं, दूध तरी पी."

तिनं दूध प्यायलं. चोवीस तास बुधवारी सकाळी संपले, तेव्हा ती ऑफिसात दुसऱ्याच कुठल्या तरी तक्त्याच्या समासाची रुंदी नीट करत बसली होती.

*

शनिवारी दुपारी तीनला बंगळूरविरुद्ध सामना सुरू झाला. मल्ल चांगले खेळत होते. दुसऱ्या सत्राच्या शेवटी चौदा-दहा असे पुढं होते आणि अठरा हजार लोक चौगुले सरांना माफ करायच्या तयारीत होते.

तेवढ्यात संग्रामनं डाव बदलला. चेंडू घेऊन डावीकडं वळला, हात मागं नेला, आणि डावीकडूनच बंगळूरचा एक गडी पळत येऊन त्याच्यावर आदळला. संग्राम उताणा पडला. उठला. हेल्मेट झटकून हात वर केला. मैदानानं टाळ्या वाजवल्या.

काचेमागच्या खोलीत रेहानाचा हात चहाच्या कपाशी थांबला. धक्का मोठा नव्हता, हेल्मेटमधल्या मापकानंही तो धोक्याच्या रेषेखालीच दाखवला. पण येणारा धक्का दिसला की माणूस अंग चोरतो. शहाणा चोरतो, वेडा चोरतो, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा चोरतं. संग्रामनं चोरलं नव्हतं. डावीकडून, सहा फुटांवरून, सव्वाशे किलोचा माणूस येत होता आणि या पोराचे खांदे सैल होते.

मंगळवारी जे करायला हवं होतं ते तिनं आता केलं. अकराही बदल संग्रामच्या नावावर टाकले आणि तलाठ्याला सहाही सामने पुन्हा मोजायला लावले. चार मिनिटं लागली. तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली.

चौगुल्यांचा वाटा उतरून सव्वीसवर आला. लीगमधला सगळ्यात कमी. तिनं तो आकडा बघितला न बघितला. तिची नजर संग्रामच्या रेघेवर होती. दोन सामने सरळ चाललेली रेघ तिसऱ्याच्या उत्तरार्धात कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. खाली तलाठ्यानं आपणहून एक ओळ टाकली होती: सर्व चुका खेळाडूच्या डाव्या बाजूस. नमुना मेंदूच्या दुखापतीशी जुळतो. तपासणी होईपर्यंत मैदानात उतरवू नये.

ही सोय तलाठ्यात पहिल्यापासून होती. कुणाचे निर्णय अचानक घसरले की तो आपणहून डॉक्टरांना बोलावायचा. मात्र घसरण खेळाडूच्या नावावर दिसायला हवी. संग्रामच्या नावावर महिनाभर काहीच नव्हतं. सगळं सरांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि चुकांबरोबर दुखण्याची खूणही घेऊन टाकली होती.

*

अधिकाऱ्याला खेळाडूंच्या खोलीत जायची मनाई होती. ती दारात उभी राहिली आणि सरांना हाक मारली. बोळातच कागद त्यांच्यापुढं धरला. सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे यंत्र म्हणतंय."

"हो."

"तुला काय दिसलं?"

"त्यानं अंग चोरलं नाही, सर."

सर वळले. आत गेले. दार उघडंच राहिलं. गडी बाकांवर बसून मोसंबी सोलत होते. संग्राम टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. सरांनी टोपलीतलं एक मोसंबं उचललं, त्याच्या डाव्या अंगाला तीन पावलांवर उभे राहिले आणि म्हणाले, "संग्राम, धर."

टाकलं. मोसंबं खांद्यावर आपटून खाली घरंगळलं.

पोरगं हसलं. "सर, सांगून टाका की राव."

"सांगितलं की." सरांनी दुसरं घेतलं. उजव्या अंगाला गेले. "धर."

त्यानं न बघितल्यासारखं एका हातात झेललं. खोलीतले दोघे-तिघे हसले.

सर परत डावीकडं आले. यावेळी काही न बोलता हळूच, लहान मुलाकडं टाकावं तसं टाकलं. ते त्याच्या गालावर लागलं. मग कुणी हसलं नाही. मोसंबी सोलायचा आवाजही थांबला.

सरांनी त्याला दंडाला धरून बोळात आणलं, दार लोटलं. त्यांचा चेहरा रेहानानं शाळेपासून पाहिलेला होता, पण असा नाही. "मी याला बसवतो," ते तिला म्हणाले. "माझा निर्णय म्हणून. दुसऱ्याला उतरवतो. हरलो तर माझ्या नावावर. कुणाला काही कळायची गरज नाही."

"आजचा दिवस निघेल," रेहाना म्हणाली. "पुढच्या शनिवारी तुम्ही नसाल. नवा प्रशिक्षक याचा सातबारा बघेल, तो कोरा स्वच्छ आहे. तो याला उतरवेल."

"डॉक्टरला बोलावून सांग की मग."

"डॉक्टर काय बघतील? समोर तक्ता धरून अक्षरं वाचायला लावतील. तो वाचेल. दर आठवड्याला वाचतोच आहे. मेंदूचा फोटो काढायचा तर तलाठ्याचा इशारा लागतो, आणि इशाऱ्याला याच्या नावावरची नोंद लागते. सर, त्या नोंदी तुमच्या सहीनं तुमच्या नावावर आहेत. तुम्हीच बदलू शकता. याची सही घेऊन."

"म्हणजे मी खोटं लिहिलं हेही त्यातच आलं."

"आलं."

मध्यंतराची सात मिनिटं उरली होती. सरांनी तिच्या हातातली फाईल घेतली. भिंतीला टेकवून पहिलं बदलपत्रक उघडलं. जिथं 'चौगुले' लिहिलं होतं ते एका रेघेनं खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'इंगवले'. मग दुसरं. तिसऱ्या कागदावर ते थांबले, चष्मा सारखा केला, पुन्हा लिहू लागले. अकरा वेळा. तीस वर्षं तालमीच्या फळ्यावर ज्या हातानं हारीपुढं पोराचं नाव लिहिलं नव्हतं त्या हातानं.

"इथं सही कर," त्यांनी संग्रामला सांगितलं.

संग्रामनं कागद बघितले. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, पण चुकीचं कळलं. "सर," तो म्हणाला, "आज हरलो तर नोकरी जाईल म्हणून माझ्या अंगावर टाकताय?"

सरांनी पेन त्याच्यापुढं धरलं.

"नाही, टाका. माझ्याच हायत. मला वाटलं होतं तुम्ही..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मी रोज म्हणत होतो, सरांना सांगावं. डोकं दुखतंय ते पण. भ्यालो. जागा जाईल म्हणून."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"तिसऱ्या मॅचपासनं."

"आणि डाव बदलायचास तेव्हा तुला काय दिसायचं?" रेहानानं विचारलं.

"मोकळं, मॅडम. डावीकडं कुणीच नसायचं. दरवेळी मैदान मोकळं दिसायचं. फेकला की कुठनं तरी माणूस उगवायचा." तो दोघांकडं आळीपाळीनं बघत होता, त्यासाठी त्याला मान बरीच वळवावी लागत होती. "मला वाटलं, अक्कल गेली माझी."

मेंदू दिसत नसलेल्या जागी काळा डाग ठेवत नाही. शेजारचं गवत, शेजारचं आकाश घेऊन ती जागा रंगवून टाकतो आणि मालकाला सांगतो, सगळं दिसतंय. रेहानाला हे पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातलं वाक्य असं समोर टॉवेल घेऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं.

"अक्कल कुठं जात नाही," सर म्हणाले. "सही कर. ही मारायची सही नाही रे, तपासायची आहे. अकरा ठिकाणी कर. एकही सोडू नको."

त्यानं अकरा सह्या केल्या. प्रत्येक सही कागदाच्या उजव्या अर्ध्यातच पडत होती.

रेहानानं कागद यंत्रापुढं धरले. वीस सेकंदांत बोळातला दिवा तांबडा झाला आणि डॉक्टर हिरेमठ बॅग सावरत पळत आल्या. संग्रामला स्ट्रेचरवर झोपवलं तेव्हा तो कुरकुरत होता, चालत येतो म्हणून. सरांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि दाबून झोपवलं. मग ते दुसऱ्या क्वार्टरबॅकला काय सांगायचं ते सांगायला आत गेले, कारण सामना अजून अर्धा राहिला होता.

मल्ल तीन गुणांनी हरले. सातबाऱ्यावर चौगुल्यांचा वाटा शंभरात सव्वीस. चाळीसपासून मैलभर लांब. तासाभरात खोट्या नोंदीसाठी त्यांचं निलंबन आलं. त्यांना मैदानाच्या फाटकातून बाहेर जायला सांगितलं तेव्हा त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "मोसंब्याची टोपली आतच राहिली. ती तरी पोरांना नेऊन देशील का?"

*

संग्रामच्या कवटीत, मागं उजवीकडं, महिनाभर थेंबथेंब रक्त साकळत होतं. डॉक्टर हिरेमठ म्हणाल्या, अजून एक चांगला धक्का बसला असता तर संध्याकाळ दिसली नसती. शस्त्रक्रिया झाली. डावीकडचं निम्मं परत दिसू लागलं, बाकीचं हळूहळू येईल किंवा येणार नाही. खेळणं संपलं.

सतराव्या दिवशी सुनावणी झाली. लीगनं एका हॉटेलचं सभागृह घेतलं होतं. लग्नाची झालर काढायची राहून गेलेली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश पद्मजा राजोपाध्ये. आवाज मऊ, प्रश्न कडक.

"चौगुले, आपण अकरा खोट्या नोंदी केल्या हे मान्य?"

"मान्य."

"कारण?"

"सवय."

राजोपाध्ये बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि अधिकारी मुजावर यांना हे कधी कळलं?"

रेहाना पुढं झुकली. पण सरांनी तिला बोलूच दिलं नाही.

"शनिवारी, मध्यंतरात," ते सहज म्हणाले. "कळलं तसं लगेच आल्या. त्या आल्या म्हणून पोरगं वाचलं. त्यांच्याकडं बोट दाखवायला जागा नाही, बाई. हे सगळं माझ्या नावावर लिहा."

रेहानानं त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर बघत होते, अगदी शांत, बदलपत्रक भरताना बसायचे तसे. तालमीत फोन नव्हते, सेन्सर नव्हते. साडेसातला माती उकरणाऱ्या पोरांखेरीज तिथं कुणी नव्हतं, आणि ती पोरं वस्तादाविरुद्ध शब्द काढणार नव्हती. मंगळवार या जगात कुठंच नोंदलेला नव्हता.

"मग मुजावर, आपण एवढ्या निवेदनावर सही करा," राजोपाध्ये बाई म्हणाल्या. "नोंद कळल्याची तारीख आणि वेळ स्वतः भरा. औपचारिकता."

कागद तिच्यापुढं आला. तारखेचा रकाना कोरा होता. परवाना, नोकरी, पंधरा वर्षांचं काम सगळं त्या बोटभर जागेत मावत होतं. आणि मंगळवार ते शनिवार हे दिवसही. त्या चार दिवसांत संग्राम रोज दोन तास सराव करत होता, रोज डोक्याला डोकं लागत होतं, आणि ती समास नीट करत होती.

सरांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. शाळेत वहीत चूक झाली की दाबायचे तसा.

तिनं पेन उघडलं आणि लिहिलं: सोमवार दुपारी संशय. मंगळवार, सकाळी साडेसात, खात्री. ठिकाण, चौकातली तालीम. खाली सही केली. कागद अध्यक्षांकडं सरकवायच्या आधी सरांपुढं धरला, कारण साक्षीदार म्हणून त्यांचीही सही लागत होती. तिनं नियमावलीच्या नव्या मसुद्यात परवाच घातलेलं, लीगनं लगेच लागू केलेलं कलम तेच होतं: कुणी दोष स्वतःच्या अंगावर घेत असेल तर दुसऱ्याची सही सक्तीची.

चौगुले सरांनी ती ओळ वाचायला फार वेळ घेतला. हॉटेलचा पोऱ्या पाणी ठेवून गेला तरी वाचतच होते. मग त्यांनी पेन घेतलं, सही केली आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाले,

"अक्षर अजून तसंच आहे गं तुझं."